९० दिवसांची सही

आमच्या गच्चीची गळती काढायला आलेल्या गवंड्याने मजुरी घेताना एक सहीही मागितली. ९० दिवस काम केल्याचं लिहून द्या म्हणाला. आमच्याकडचं काम तर दोन दिवसांचं. ही सही त्याला का मागावी लागते, ते समजून घ्यायला मी पुण्यातल्या वारज्याच्या मजूर अड्ड्यावर गेले.

सकाळी रस्त्याच्या कडेला माणसं दाटीने उभी असतात. पिशवीतून थापी डोकावली की गवंडी, ब्रश दिसला की रंगारी. बिगाऱ्याच्या हातात नुसता डबा. गाडी हळू झाली की घोळका धावतो. भाव ठरतो, चार जण निघून जातात. दहा वाजत आले की उरलेल्यांचा भाव पडतो.

नांदेडकडच्या एक बिगारी बाई पायरीवर बसल्या होत्या. "सोयाबीन निघालं की येतो, मिरगाच्या आधी वापस." दिवस त्या बोटांवर मोजत होत्या: बावधनला बंगल्याचा स्लॅब, कर्वेनगरात बाथरूमची फोडाफोड, कोथरूडला प्लॅस्टरची वाळू चाळणं. बेरीज ९०च्या कितीतरी पुढे गेली. सही एकाचीही नाही.

कायद्याप्रमाणे बांधकाम कामगार म्हणून नोंदणी हवी, तर आधीच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेलं असावं लागतं. नोंदणी झाली की मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत. त्यासाठी बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर घेतला जातो. म्हणजे ज्या स्लॅबची घमेली या बाईंनी डोक्यावरून वाहिली, त्याच्या खर्चातून हा पैसा उभा राहतो, आणि त्यांनाच तो मिळत नाही. रोज मालक बदलणाऱ्या माणसाने ९० दिवसांचा दाखला मागायचा कोणाकडे? "गावचा ग्रामसेवक म्हणतो, काम पुण्यात केलं, तिथून आण. इथं म्हणतात ठेकेदाराचं आण. ठेकेदाराचं नाव तरी कुठं माहीत असतंय, ताई?"

हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. पालिकेचा एक माणूस रोज सकाळी दोन तास वही घेऊन अड्ड्यावर बसला, कोण कुठे कामाला गेलं ते लिहीत गेला, तर ९० दिवस आपोआप भरतील. बाईंना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"लिहा की. पण दहापर्यंत उभं राहूनही काम लागत नाही, तो दिवस कोण लिहिणार?"