आधी नक्कल, मग तपासणी, मग आवराआवर

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण काही गोष्टी लिहून घ्याव्या लागतील. विषय आहे आपल्या ग्रामसंघाच्या कार्यालयातला जुना संगणक. तो हळू चालायला लागला, मधेच अडकायला लागला, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे मी सांगणार आहे. हा क्रम मी चूक करून शिकले, म्हणून आधी चुकीचीच गोष्ट सांगते.

मार्च महिना होता. आमच्या गटांना नवीन कर्ज हवं होतं आणि बँकेला मागचा सगळा हिशेब द्यायचा होता. आमचा संगणक जुना, विंडोज ७ वर चालणारा. बटण दाबून चहा करून आणावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "ताई, डिफ्रॅग लावा, पळायला लागेल." मी संध्याकाळी लावलं. दोन तास झाले तरी आकडा हलेना, आणि आतून टक-टक असा आवाज यायला लागला. मी घाबरून भिंतीवरचं बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, पण तीन गटांच्या हिशेबाच्या फाइली उघडेनात.

आमच्यातल्या एका बाईने शेवटचा हप्ता नुकताच फेडला होता. तिची नोंद त्याच फाइलमध्ये होती. तिच्या पासबुकात सही होती म्हणून बरं. नाहीतर जिने पै-पै करून कर्ज फेडलं, तिलाच "भरल्याचा पुरावा दाखव" म्हणायची वेळ आली असती. आम्ही चार जणींनी हाताने लिहिलेल्या कर्जवह्या काढून पाच संध्याकाळी सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या.

नंतर तालुक्याला संगणक दुरुस्त करणाऱ्याने समजावलं, "ताई, डिस्क आधीच आजारी होती. आजारी डिस्ककडून तुम्ही रात्रभराची मेहनत करून घेत होतात, आणि त्यात मधेच वीज तोडलीत."

आता डिस्क म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या आत हार्ड डिस्क असते. जुन्या संगणकात ती खरोखरची गोल तबकडी असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढे-मागे सरकत वाचते, लिहिते.

ही डिस्क म्हणजे आपली खतावणी समजा. एका बाईचं पान भरलं की आपण खाली लिहितो, "पुढील हिशेब पान ६३ वर". ६३ भरलं की पान ११० वर. तिचा पूर्ण हिशेब पाहायचा तर सारखी पानं उलटावी लागतात. डिस्कवर हेच होतं. एका फाइलचे तुकडे ठिकठिकाणी पडतात आणि दांडीला इकडून तिकडे धावावं लागतं. म्हणून संगणक हळू होतो. हे तुकडे उचलून ओळीने, शेजारी-शेजारी लिहून काढणं म्हणजे डिफ्रॅग. आपण त्याला आवराआवर म्हणू.

पण समजा, खतावणीच्या काही पानांना वाळवी लागली आहे. किंवा अनुक्रमणिकेत पान ६३ लिहिलंय आणि तिथे दुसऱ्याच बाईचा हिशेब आहे. अशी वही न तपासता आपण नवीन पानांवर उतरवायला बसलो, तर जीर्ण पानं हातातच फाटणार. म्हणून आवराआवर शेवटी करायची. पहिल्यांदा नक्कल, दुसऱ्यांदा तपासणी, तिसऱ्यांदा आवराआवर.

पहिली पायरी, नक्कल. हिशेबाच्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवा. उतरवून थांबू नका. पेन ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडून शेवटची नोंद दिसते का, ते बघा. जमलं तर दुसरा पेन ड्राइव्हही करा आणि तो कार्यालयात न ठेवता अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या घरी ठेवा. संगणक आणि नक्कल एकाच खोलीत असेल, तर चोरी-आगीत दोन्ही जातात. आणि हाताने लिहायच्या वह्या बंद करू नका. आम्हाला त्यांनीच तारलं.

दुसरी पायरी, तपासणी. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर' उघडा. 'सी' नावाच्या ड्राइव्हवर माऊसचं उजवं बटण दाबा. सगळ्यात खाली 'प्रॉपर्टीज' येईल, ते उघडा. वर 'टूल्स' लिहिलेलं असेल, तिथे जा. 'चेक नाऊ' असं बटण दिसेल. ते दाबलं की दोन चौकटी येतात. पहिल्या चौकटीने अनुक्रमणिकेतल्या चुका दुरुस्त होतात. दुसरीने डिस्कचं पान न् पान तपासून खराब जागा शोधली जाते. पहिल्या वेळी फक्त पहिल्या चौकटीवर खूण करा. दुसरीला कित्येक तास लागू शकतात.

'स्टार्ट' दाबलं की संगणक म्हणेल, डिस्क वापरात आहे, आता तपासता येणार नाही. इथे खूप जणी घाबरतात आणि बंद करून टाकतात. घाबरू नका. आपण खुर्चीवर बसलेलो असताना खुर्चीचा पाय दुरुस्त होत नाही, तसंच हे आहे. 'शेड्यूल डिस्क चेक' दाबा आणि संगणक 'रीस्टार्ट' करा. सुरू होताना काळ्या किंवा निळ्या पडद्यावर उलटी मोजणी दिसेल. त्या वेळी कीबोर्डला हात लावू नका, एखादं बटण दाबलं गेलं की तपासणी रद्द होते.

आता आपल्याकडची मोठी अडचण, वीज. तपासणी किंवा आवराआवर चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात. म्हणून भारनियमनाची वेळ टाळा. बॅटरीवर चालणारा यूपीएस असेल तर त्यावरच संगणक लावा, पण तो थोडा वेळच टिकतो हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आभाळ गडगडत असेल, तर हे काम त्या दिवशी नकोच.

तपासणी संपली की निकाल पडद्यावर थोडाच वेळ दिसतो आणि संगणक पुढे सुरू होतो. निकाल हुकला तर 'स्टार्ट' मध्ये जाऊन 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. त्यात 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन', आणि तिथे 'विनइनिट' नावाची नोंद. तिच्यात एक ओळ असते, 'बॅड सेक्टर्स'. त्या ओळीच्या सुरुवातीला शून्य असेल तर चांगलं. पहिल्या चौकटीच्या तपासणीत आधी सापडलेल्या खराब जागाच मोजल्या जातात. म्हणून संगणक तरीही अडकत असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी, वीज भरवशाची असताना, दोन्ही चौकटींवर खूण करून पुन्हा तपासा.

शून्य नसेल, किंवा आतून टक-टक, खरखर आवाज येत असेल, तर मैत्रिणींनो, तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा तपासणी नको आणि आवराआवर तर मुळीच नको. राहिलेली नक्कल निघते का ते बघा, संगणक नीट 'शट डाउन' करा आणि दुरुस्तीवाल्याला सांगा की डिस्क बदलायची आहे. डिस्क विकत मिळते. चौदा गटांचा तीन वर्षांचा हिशेब बाजारात मिळत नाही.

तिसरी पायरी, आवराआवर. निकाल चांगला आला तरच. त्याच 'टूल्स' मध्ये 'डिफ्रॅगमेंट नाऊ' हे बटण आहे. आधी 'ॲनालाइझ डिस्क' दाबा. किती टक्के तुकडे झालेत ते दिसेल. दहा टक्क्यांच्या वर असेल तरच पुढे जा. त्याआधी नको असलेले फोटो, व्हिडिओ काढून जागा मोकळी करा. भरलेल्या कोठीत आवराआवर होत नाही, पोती सरकवायला जागा लागते. साधारण पंधरा टक्के जागा मोकळी असावी.

काम सुरू झालं की 'पास १', 'पास २' असं दिसेल आणि प्रत्येक वेळी टक्केवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. ते बिघडलेलं नाही, त्या फेऱ्या आहेत. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. मधे थांबवायचं असेल तर तिथलंच थांबवायचं बटण दाबा. भिंतीवरचं बटण नाही! ती चूक माझी झाली, तुमची होऊ नये.

आणखी तीन गोष्टी. नव्या संगणकात बऱ्याचदा एसएसडी नावाची डिस्क असते. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे तिला ही आवराआवर लागत नाही, उलट विनाकारण झीज होते. दुसरी गोष्ट, संगणक हळू असण्याचं कारण नेहमी डिस्कच असतं असं नाही. मेमरी कमी असेल किंवा व्हायरस शिरला असेल, तर आवराआवर करून काही उपयोग नाही. तिसरी, विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा १४ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. त्यामुळे अशा संगणकावर हिशेब लिहा, पण बँकेचे ऑनलाइन व्यवहार करू नका.

आता एक काम देते. या महिन्याच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा, 'हिशेबाची नक्कल'. कोणती ताई दर महिन्याला नक्कल काढणार, पेन ड्राइव्ह कोणाकडे राहणार, हे ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. आमच्या ग्रामसंघात आता हे काम लिपिका ताई करतात, आणि बैठकीत पेन ड्राइव्ह सगळ्यांसमोर उघडून दाखवतात. दोन मिनिटं लागतात. ज्या बाईने हप्ता फेडला, तिला आपली नोंद तिथे डोळ्यांनी दिसते.