दाढीचे माप आणि हज्जामाची मजुरी



गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते तेव्हा त्याची नजर आधी गादीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जाते, मग मालावर. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. ताग्याचा काठ वेडावाकडा दिसला की कापड कितीही चांगले असो, गिऱ्हाईक हात मागे घेते, हे आम्ही रोज पाहतो. दाढीचेही तसेच आहे. म्हणून आज व्यापाराच्या पानावर दाढीविषयी लिहीत आहोत. यात धंद्याची बाब आहे आणि तबियतीचीही.

आमच्या माहुरात दाढीचे सगळे प्रकार एकाच रस्त्यावर दिसतात. दत्तशिखराकडे जाणारे जटाधारी साधू, सोनापीर दर्ग्याला येणारे फकीर, नांदेडच्या गुरुद्वाराकडचे शीख बांधव आणि मोबाइलमधला फोटो पुढे करून 'अशीच करा' म्हणणारी कॉलेजची मुले. शीख बांधव दाढीला कात्री लावत नाहीत, विंचरून नीट बांधतात. त्यांचा कायदा वेगळा. आमच्यापैकी बहुतेकांची दाढी मापात ठेवलेली असते, आणि मापातली दाढी एकट्याने राखता येत नाही. तिला दोन माणसे लागतात : रोज निगा राखणारा मालक आणि हात बसलेला हज्जाम.

वाढवताना सबुरी

दाढीचा केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो. हनुवटीखाली एक मूठ, म्हणजे साडेतीन-चार इंच दाढी व्हायला आठ-दहा महिने जातात. पहिला महिना कात्री लावूच नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाज सुटते, कारण वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक धारदार असते आणि ते कातडीला टोचते. पुष्कळ तरुण याच वेळी कंटाळून दाढी उतरवतात. थोडे खोबरेल लावून आठ-दहा दिवस काढले की खाज बहुधा थांबते.

'वरचेवर वस्तरा फिरवला की दाढी दाट येते' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ बाईंनी काही पुरुषांचे दाढीचे केस मोजून पाहिले. वस्तऱ्याने ना वाढीचा वेग बदलला, ना केसाची जाडी. कापलेले टोक बोथट असल्यामुळे हाताला फक्त दाट लागते. दाढी विरळ की दाट, हे घराण्यावर आणि वयावर आहे. मात्र रुपयाएवढा गोल भाग एकाएकी केसांविना दिसू लागला तर ती चाई असू शकते. तिथे तेल-लेप न करता डॉक्टरांकडे जावे.

माप कोणते?

हनफी मसलकात एक मूठ दाढीचे माप प्रसिद्ध आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) हज किंवा उमरा केल्यावर दाढी मुठीत धरून मुठीबाहेरची कापत, अशी नोंद बुखारी शरीफमध्ये आहे. मसल्याची बारकाई आपल्या आलिमांना विचारावी, तो आमचा प्रांत नाही. आम्ही मापाचे बोलू. मूठ हनुवटीला लावून धरायची. ती सैल धरली की दर वेळी माप बदलते.

याहून आखूड ठेवायची तर मशीनच्या कंगव्याचा नंबर पाठ करावा. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १० आणि चार म्हणजे १३. 'थोडी बारीक करा' म्हटले की प्रत्येक हज्जामाची 'थोडी' वेगळी निघते. नंबर सांगितला तर गल्लत होत नाही.

मापाचा हा प्रश्न कधी कधी रोजीवरही येतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या जालन्यातील एका जवानाला २०१२ साली नीटनेटकी दाढी ठेवण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ती काढून घेतली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठराविक धार्मिक काळापुरती दाढी ठेवून कामावर परतण्याचा मार्ग सुचवला, तो त्याने घेतला नाही. नोकरीतल्या माणसाला दाढीसाठी एवढे झगडावे लागते. आपण दुकानदार आणि कारागीर आपल्या मर्जीचे मालक आहोत, तर निदान ती नीट ठेवावी.

खत कसे बनवावे

दाढीच्या कडेची रेघ म्हणजे खत. अरबीत खत म्हणजे रेघ, आणि उर्दूत पत्राला आणि अक्षराला हाच शब्द आहे. जसे अक्षर तसा माणूस दिसतो, हे खतालाही लागू पडते.

गालावरची रेघ कानाजवळच्या कल्ल्यापासून मिशीच्या टोकाकडे नैसर्गिक जाते. तिच्या वरचे चुकार केस काढावेत, रेघ खाली ओढू नये. एकदा खाली ओढली की एक बाजू दुसरीशी जुळवता जुळवता दाढीची पट्टी होते. गळ्याची रेघ कंठमण्याच्या एक-दोन बोटे वर असावी. पुष्कळ जण ती जबड्याच्या हाडावरच घेतात. मग हनुवटीखालचे मांस उघडे पडते आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

लांबी नेहमी कोरड्या दाढीवर कापावी. कोरे सुती कापड न भिजवता शिवले की पहिल्या धुण्यात आटते, हे शिंप्याला सांगावे लागत नाही. केस ओला असताना ताणून लांब होतो आणि वाळल्यावर वर चढतो. ओली दाढी मापाने कापली तर वाळल्यावर मापाला कमी भरते. दुसरे असे की, लांबी घेताना मान खुर्चीच्या उशीवर मागे टाकू नये. सरळ बसून समोर पाहावे. मान मागे टाकली की केस वेगळे पडतात आणि उठल्यावर एक बाजू उतरलेली दिसते.

गोल चेहऱ्याला बाजू थोड्या कमी आणि हनुवटीला भर शोभते. लांब चेहऱ्याला बाजूंनी भर ठेवावी. खत दहा-पंधरा दिवसांनी आणि लांबी महिन्याने, एवढे पुरते.

रोजची निगा

वुजूत दाढी भिजते, दाट दाढीत बोटांनी खिलालही होतो. ही चांगली सफाई आहे. पण नंतर दाढी रुमालाने टिपून कोरडी करावी. ओलसर दाढी, वर घाम आणि धूळ, यांतून कोंडा आणि गजकर्ण होते. अंगाच्या साबणाने केस कोरडे पडतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा सौम्य शाम्पूने धुवावी आणि खोबरेल किंवा बदामाच्या तेलाचे चार थेंब मुळाशी, कातडीपर्यंत चोळावेत. गजकर्णावर मेडिकलमधून स्वतःच मलम आणू नये. त्यात स्टेरॉइड असले तर चट्टा आधी बसल्यासारखा वाटतो आणि नंतर पसरतो.

कारागिरांना वेगळे सांगणे आहे. लेथ, ड्रिल किंवा फिरत्या पट्ट्याजवळ मोकळी लांब दाढी धोक्याची आहे. ती बांधावी किंवा कपड्याआड घ्यावी. आणि धूळ किंवा फवारणीचा घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. असे काम करणाऱ्याने मास्कवर भरवसा ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

रंगाबाबत आम्हा कापडवाल्यांना थोडे कळते. शुद्ध मेंदीचा रंग लालसर-नारिंगी येतो, काळा येत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी विकली जाते तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायमिन नावाचे रसायन असते. काहींच्या चेहऱ्यावर त्याने सूज आणि फोड येतात. आधी कानामागे थोडे लावून दोन दिवस पाहावे.

आता ब्लेडची गोष्ट

नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूर भरते, तर चांदरातीला आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानात फजरपर्यंत रांग असते. अशा गर्दीतच एका ब्लेडवर दोन-तीन चेहरे उरकले जातात. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. ब्लेड पाण्यात किंवा जंतुनाशकात बुडवून काढले म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही. सर्वांच्या गालावर फिरणारा तुरटीचा खडाही तसाच. 'ब'ची लस मिळते, ती हज्जामाने आणि गिऱ्हाइकानेही घ्यावी.

हज्जामांनी एवढे करावे : गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड उघडावे, कात्री-कंगवा साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावा, मशीनचे दाते दर वेळी ब्रशने झाडून स्पिरिट लावावे आणि वापरलेली ब्लेडे जाड डब्यात जमा करावीत, उकिरड्यावर टाकू नयेत. तिथे जनावरे आणि मुले असतात.

मजुरीचा हिशेब

आता आपल्या बाजूचे. आपण व्यापारी हज्जामाशीही घासाघीस करतो. पाच रुपये कमी केल्याचा आनंद घेऊन खुर्चीत बसतो. तो गरीब कारागीर ते पाच रुपये कुठून भरून काढणार? भाडे कमी होत नाही, विजेचे बिल कमी होत नाही. काटछाट ब्लेडवरच होते. अर्ध्या कप चहापेक्षा कमी किमतीचे ब्लेड वाचवायला आपणच त्याला भाग पाडतो आणि धोका आपल्याच गालावर घेतो. हा कसला नफा?

हज्जाम हा शब्दच 'हिजामा'वरून आला आहे. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे. एके काळी हाच माणूस गावाचा जर्राहही होता. आज त्याला हिणवून हाक मारणारे आपल्यात आहेत. हुनराची कदर नसेल तर पुढची पिढी हे काम सोडून शहर गाठेल.

आमची सूचना साधी आहे. मोहल्ल्यातल्या हज्जामांनी 'नव्या ब्लेडसह खत' असा एकच दर पाटीवर लिहावा आणि आपण तो न घासता द्यावा. ज्याला जमेल त्याने आपला कंगवा, कात्री आणि रुमाल पिशवीत घेऊन जावे. खुर्चीत बसल्यावर ब्लेड बदलायला सांगण्यात संकोच करू नये आणि तो विचारण्याआधी बदलत असेल तर त्याला दोन शब्द चांगले बोलावेत. कापडाचे माप आपण गिऱ्हाइकाला पुरते देतो. मजुरीचे मापही पुरते द्यावे.