शंभर मीटरला एक केळं

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझी साखर काठावर आली. वय तेहतीस, काम घरून, दिवसाचे दहा तास खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, "पोहा, चाला, सायकल चालवा. काहीही करा, पण खुर्चीतून उठा." चालायचा मला कंटाळा आणि पोहता येत नाही. मग उरली सायकल.

पहिले दोन महिने मी महामार्गावरच चालवली. रस्ता सपाट, पण सगळं लक्ष मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजाकडे. एकदा भोंग्याला दचकून कडेच्या खडीत गेलो आणि कोपर सोलून घरी आलो. तेव्हा एका मित्रानं सांगितलं, "अरे, पश्चिमेला जा की!"

आपण बेळगावकर किती नशीबवान आहोत, हे मला तिथं कळलं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. पूर्वेला काळी माती आणि मोकळं माळरान, तर पश्चिमेला सह्याद्रीकडे सरकत जाणारी तांबडी माती, भाताची खाचरं, रताळ्याचे वाफे, आणि चंदगडच्या बाजूला काजूच्या बागा. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा सोडलं की रस्ता वरखाली होऊ लागतो. सुळगा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळी. साधारण १५-१६ किलोमीटरवर कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. सायकलवरून बघाल तर पाट्या बदलतात. माती, पीक आणि चहाच्या टपरीवरचं बोलणं तेच राहतं.

इंजिनिअर असल्यानं मी हिशेब केला. मी आणि सायकल मिळून ९० किलो. हे वजन १०० मीटर उंच न्यायला लागणारी ऊर्जा, आणि शरीर खाल्लेल्या अन्नातलं जेमतेम चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचवतं हे धरलं, तर साधारण ८५-९० कॅलरी होतात. म्हणजे एक लहान केळं. तेव्हापासून मी चढ केळ्यांत मोजतो.

एका रविवारी घरी येऊन सहज म्हणालो, "आज शिनोळीपर्यंत जाऊन आलो." पेपर वाचणाऱ्या बाबांनी चष्मा काढला. "शेवटचा चढ बसून चढलास की उतरून ढकललीस?"

बाबांचं गाव शिनोळीवरून आत, देवरवाडीच्या बाजूला. हायस्कूलला ते बेळगावात खोली करून राहायचे, एवढं मला ठाऊक होतं. दर सोमवारी पहाटे कॅरिअरला तांदळाचं गाठोडं बांधून ते सायकलनं यायचे आणि शनिवारी परत जायचे, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. १९७३ ते १९७५, तीन वर्षं. गिअर नसलेली, आजोबांची जड काळी सायकल. "येताना गाठोड्याचं ओझं आणि जाताना भुकेचं," बाबा म्हणाले. आईनं आतून विचारलं, "हे मला कसं कधी सांगितलं नाही?"

त्याच सुमारास गावच्या शेताचा विषय निघाला होता. आमच्या वाट्याचे बावीस गुंठे. चुलत काकांचा फोन आला होता, "गिऱ्हाईक आहे, विकून टाकू." आम्हा चुलत भावंडांपैकी कुणी ते शेत नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. बाबाही तयार होते.

सहीच्या आधीच्या रविवारी मी सायकलनं गावी गेलो. बाबांचे गुडघे आता चालत नाहीत, ते एसटीनं आले. बांधावर भेटलो. शेजारच्या वाफ्यात रताळी काढणं चाललं होतं. एका म्हाताऱ्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बेळगावास्नं सायकलीवरनं? पेट्रोल लई महागलं व्हय?" मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुझंच प्वार दिसतंय."

परत निघताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, नको विकूया." ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत किती वेळा आलास इथं? न बघितलेली जमीन ठेवून काय करायची? महिन्यातून एकदा येत असशील तर पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबतो. एक महिना चुकलास तर सही करीन."

यात भावनेला फार वाव नव्हता. काका थोडे नाराज झाले, पण थांबले. तेव्हापासून माझ्या कॅलेंडरात दर महिन्याचा एक रविवार 'गाव' म्हणून राखीव आहे.

तुम्हालाही या बाजूला यायचं असेल, तर हे तीन मार्ग सुचवतो. पहिला, नवख्यांसाठी: येळ्ळूरमार्गे राजहंसगड. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. शेवटचा चढ खडा आहे, ढकलत गेलात तरी लाज नाही. दुसरा आमचा: शिनोळीवरून देवरवाडी, तिथून वैजनाथ मंदिर आणि दम असेल तर वर महिपाळगड. या गडात आजही गाव नांदतं आहे. तिसरा सरावानंतर: पिरनवाडी, किणये, जांबोटी आणि खानापूरमार्गे परत, साधारण ७५-८० किलोमीटर. जांबोटीच्या पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे जातं, तर याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यातून समुद्राला मिळते. इथले चढउतार दोन बाजूंना जाणाऱ्या पाण्याचे आहेत, हे नकाशापेक्षा मांड्यांना लवकर समजतं.

चढउताराच्या रस्त्यावर थोडं शहाणपण लागतं. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. जोर पडल्यावर बदलला तर चेन कुरकुरते. उताराच्या तळाशी पाय थांबवू नका, पुढच्या चढाचा पहिला टप्पा त्याच वेगात निघून जातो. चढावर वेगाकडे बघू नका, श्वासाकडे बघा; सोबत्याशी एक वाक्य पूर्ण बोलता येईल इतकाच जोर लावा. पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पंप आणि दोन बाटल्या पाणी जवळ असू द्या. कुत्री मागे लागली तर पळू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो, म्हणून अंधारात या रस्त्यांवर जाऊ नका. जांबोटीची बाजू पावसाळ्यात टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

माझी साखर आता काठाच्या अलीकडे आहे. शेताच्या बावीस गुंठ्यांत यंदा शेजारच्या काकांनी अर्धेलीनं रताळी लावली आहेत. दसऱ्याला अजून तीन महिने आहेत. जुलैच्या फेरीत पावसानं झोडपलं, चिखलात चाक रुतलं, तरी पोहोचलो. बांधावर सायकल टेकवून फोटो पाठवला. घरून बाबांचं उत्तर आलं, "चेन पुसून तेल घाल. नाहीतर गंजेल."

परवाच्या रविवारी पुन्हा निघायचंय. चुलत भावालाही विचारलंय. तो म्हणाला, सायकल नाही. मी म्हटलं, बाबांची अजून माळ्यावर आहे.