घरच्या घरी ज्यूकबॉक्स : बटण दाबा, गाणे ऐका!

आज घरात गाण्यांना तोटा नाही. हातातल्या मोबाइलवर हजारो गाणी मिळतात. तरीही अनेक घरांत एक वाक्य रोज ऐकू येते, “अरे, जरा माझे ते गाणे लावून दे ना!” हे वाक्य बहुधा आजीचे किंवा आजोबांचे असते. गुळगुळीत काचेवर थरथरते बोट नेमक्या जागी पडत नाही, बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि भलतेच काही सुरू होते. मग नातवाला हाक मारावी लागते. दोनचार वेळा “थांबा हो, अभ्यास करतोय” असे ऐकले, की आजोबा हाक मारणेच सोडून देतात. त्यांचे गाणे सुटते, ते असे.

यावर एक जुनाच उपाय आहे. १८८९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाणे टाकून ऐकण्याचे यंत्र बसवले. पुढे त्याचाच ज्यूकबॉक्स झाला. मुंबईच्या इराणी हॉटेलांत चहा घेता घेता ज्यूकबॉक्सवर गाणे लावणारी पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. नाणे टाकायचे, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा, की गाणे सुरू! हेच यंत्र आता छोट्या संगणकावर घरी बनवता येते.

पंधरा बटणे, छपन्न गाणी

व्हिडिओ गेमच्या दुकानांत असतात तशी मोठी, गोल, रंगीत बटणे यासाठी उत्तम. ती दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि बोटाला कळते, की काम झाले.

किती बटणे लागतील? ‘गीतरामायण’चेच उदाहरण घ्या. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही गीते १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. एकूण गीते ५६. प्रत्येकासाठी वेगळे बटण लावले तर घराचे टेलिफोन एक्स्चेंज होईल! पण क, ख, ग, घ, च, छ, ज ही ७ अक्षरे आणि १ ते ८ हे आकडे घेतले, तर साती आठे छपन्न. केवळ १५ बटणांत सगळे रामायण बसते. ‘ग’ आणि ‘५’ दाबले, की पहिल्या दोन अक्षरांची १६ आणि पुढची ५, म्हणजे २१वे गीत.

याशिवाय गाणे थांबवणे, आवाज वाढवणे, आवाज कमी करणे आणि संगणक बंद करणे यांसाठी ४ बटणे ठेवावीत. शेवटचे विसरू नये. प्लग एकदम ओढला तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते.

तारा कशा जोडाव्यात?

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याच्या नेहमीच्या मॉडेलवर ४० पिना असतात आणि त्यांतल्या २६ बटणांसारख्या कामासाठी वापरता येतात. आपल्याला १९ पुरतात.

बटणाखालच्या स्विचला बहुधा तीन पत्त्या असतात. ‘कॉम’ म्हणजे सामाईक, ‘एनओ’ म्हणजे दाबल्यावरच जुळणारी आणि ‘एनसी’ म्हणजे दाबल्यावर सुटणारी. ‘एनसी’ मोकळी सोडावी. सर्व बटणांच्या ‘कॉम’ पत्त्या एकाच तारेने माळेसारख्या ओवून ती तार संगणकाच्या ग्राउंड पिनेला जोडावी. प्रत्येक ‘एनओ’ पत्तीपासून मात्र स्वतंत्र तार स्वतंत्र पिनेला न्यावी. तारेच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टीवर ‘क’, ‘ख’ असे लिहून ठेवले, तर पुढे शोधाशोध होत नाही.

या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. शेजारीच ५ व्होल्टची पिन असते, ती बटणाला मुळीच जोडू नये. संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. दिव्याची बटणे घेतली, तर दिव्यांना वेगळा वीजपुरवठा द्यावा. तारा जोडताना अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढलेला असावा.

पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम कॉलेजात जाणारी मुले लिहू शकतात. त्यांना एक गोष्ट मात्र सांगा. चेंडू जमिनीवर पडून चारदोन टप्पे घेतो, तशी स्विचची पत्तीही जुळताना क्षणभर थरथरते आणि संगणकाला वाटते, बटण चार वेळा दाबले. म्हणून एकदा दाबल्यानंतर सेकंदाचा विसावा भाग दुसऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला प्रोग्रॅमला शिकवावे. एक गाणे चालू असताना दुसरे निवडले, तर ते रांगेत उभे राहावे.

प्रोग्रॅमची खटपट नको असेल, तर जुन्या संगणकाला यूएसबीने जोडायची तयार पट्टी मिळते. तिच्यावर किती बटणे बसतात, हे घेण्याआधी मोजावे.

क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांसाठी

समजा, आपण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहता. झाशीच्या राणीचे नाव मिरवणाऱ्या या वसाहतीत बदली कोणाला चुकली आहे? म्हणून भिंतीत काही ठोकू नये. उचलून नेता येईल अशी प्लायवूडची पेटी करावी. जुन्या रेडिओचे रिकामे खोकेही चालेल. बटणांची भोके साधारण २८ किंवा ३० मिलिमीटरची असतात, पण बटण हातात आल्यावर मापूनच सुताराला सांगावे.

सामानासाठी आयएनए स्थानकावरून यलो लाइनने थेट चांदनी चौक गाठता येतो. लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तपकीर गल्ली आहेच.

गाणी घरच्याच कॅसेटमधून घेता येतात. टेपरेकॉर्डरचे इअरफोनचे छिद्र आणि संगणकाचे ‘लाइन इन’ वायरने जोडून कॅसेट वाजवावी आणि संगणकावर रेकॉर्ड करावी. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो. एवढा वेळ आजोबांजवळ बसून कोणते गाणे कोणत्या बटणावर हवे ते विचारावे. यादी त्यांनीच करावी आणि ठळक अक्षरांत लिहून पेटीवर चिकटवावी.

वडीलधाऱ्यांना आपण औषध देतो, चष्मा देतो, डॉक्टरांकडे नेतो. पण मनात येईल तेव्हा, कोणाची मिनतवारी न करता, आपल्या आवडीचे गाणे लावता येणे हेही स्वातंत्र्यच आहे. एकोणीस बटणे आणि थोड्या तारा यांत ते त्यांना परत देता येते.