ब्लूटूथ स्पीकर '१०० टक्के' दाखवतो, मग लवकर बंद का पडतो? बॅटरीची तब्येत घरीच अशी तपासा

फोनवर स्पीकरची बॅटरी १०० टक्के दिसते, पण तीन-चार तासांतच स्पीकर मान टाकतो. नवा होता तेव्हा तोच स्पीकर दिवसभर वाजत असे. मग फोन खोटे सांगतो का? नाही. तो फक्त अर्धीच गोष्ट सांगतो.

चार्ज वेगळा, तब्येत वेगळी

पाण्याच्या टाकीत तळाशी गाळ साचला, तरी ती काठोकाठ भरता येते. फक्त त्यात पाणी कमी मावते. बॅटरीचेही तसेच आहे. आत्ता जेवढी वीज मावू शकते, त्यातली किती शिल्लक आहे, हे टक्केवारी सांगते. नवी असताना मावत होती त्या तुलनेत आता किती मावते, ही झाली बॅटरीची तब्येत, म्हणजेच 'बॅटरी हेल्थ'.

बहुतेक पोर्टेबल स्पीकरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. हा बिघाड नाही, ही नैसर्गिक झीज आहे.

चार्ज किती आहे, हे कुठे पाहायचे?

- अँड्रॉइड फोन: स्पीकर जोडल्यावर सेटिंग्जमधील ब्लूटूथच्या यादीत त्याच्या नावाखाली टक्केवारी दिसते.
- आयफोन: होम स्क्रीनवर 'बॅटरीज' हे विजेट ठेवा.
- कंपनीचे अ‍ॅप: जेबीएल, बोस, सोनी यांसारख्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये अनेक मॉडेलची पातळी दिसते.
- स्पीकरवरच: काहींवर दिव्यांची पट्टी असते, तर काही स्पीकर बटण दाबल्यावर पातळी बोलून सांगतात.

फोनवर काहीच दिसत नसेल, तर तो स्पीकर ही माहिती पाठवतच नसेल. काही स्पीकर ती पाच किंवा दहा टप्प्यांतच कळवतात. म्हणून आकडा बराच वेळ ७० वर थांबतो आणि एकदम ६० होतो. तो अंदाज समजावा, मोजमाप नव्हे.

तब्येत कशी तपासायची?

फोन आणि लॅपटॉपमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा मिळतो. स्पीकरमध्ये तो सहसा मिळत नाही. पण एक घड्याळ असले तरी काम भागते.

१. स्पीकर पूर्ण चार्ज करा आणि चार्जर काढा.
२. रंगीत दिवे आणि जादा बेस बंद ठेवा.
३. आवाज ५० टक्क्यांवर ठेवून एकच प्लेलिस्ट पुन्हा पुन्हा वाजत राहील असे करा.
४. स्पीकर आपोआप बंद होईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा.
५. सहा महिन्यांनी याच पद्धतीने पुन्हा मोजा.

पहिल्यांदा १० तास आणि नंतर ८ तास भरले, तर क्षमता सुमारे ८० टक्के उरली आहे. ५ तास भरले, तर ती निम्मी झाली. आवाज आणि गाणी दोन्ही वेळा सारखी हवीत, नाहीतर तुलना फसते. ही चाचणी वारंवार करू नका, कारण पूर्ण रिकामी होण्याने बॅटरी जास्त झिजते.

नवा असताना मोजले नसेल, तर खोक्यावरच्या तासांशी ताडून पाहता येते. पण कंपन्या हे तास साधारणपणे मध्यम आवाजावर मोजतात. पूर्ण आवाजात १२ तासांचा स्पीकर त्याच्या निम्मा वेळही चालला नाही, तरी बॅटरी खराब झाली असे म्हणता येत नाही.

आणखी एक खूण

३०-४० टक्के चार्ज दिसत असताना आवाज वाढवला की स्पीकर बंद पडतो, आणि कमी आवाजात पुन्हा चालतो? जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. मोठ्या आवाजाला जास्त विद्युतप्रवाह लागतो, तेव्हा व्होल्टेज घसरते आणि सर्किट स्पीकर बंद करते. ही थकलेल्या बॅटरीची ठळक खूण आहे.

झीज कमी कशी होईल?

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत स्पीकर ठेवू नका आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. काही महिने वापरणार नसाल, तर साधारण निम्मा चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामा ठेवलेला स्पीकर नंतर चार्जच न होण्याची शक्यता असते.

केव्हा थांबायचे?

वेळ कमी झाला, पण बाकी सारे ठीक असेल, तर स्पीकर टाकून देण्याची घाई नको. अनेक मॉडेलची बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळू शकते, त्यामुळे आधी खर्च विचारा.

मात्र स्पीकरचा सांधा उकलला असेल, तळ फुगला असेल, उग्र वास येत असेल किंवा चार्ज होताना तो हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर वापर लगेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. तिला आग लागू शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा संकलन केंद्रात द्या.