पोट बाळाचे, माप कुणाचे?

‘डॉक्टर, ही काहीच खात नाही हो!’ सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात हे वाक्य रोज ऐकू येते. सांगणारी आई पंचविशीतली, कडेवर दीड वर्षाची मुलगी, सोबत सासूबाई. ‘आमची मुलं या वयात अर्धी भाकरी खायची,’ असे सासूबाई सांगतात आणि आईची मान खाली जाते. तेवढ्यात मुलगी कडेवरून उतरून टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढू लागते.

मूल जेवले नाही की घरात आरोपी एकच असते, ती म्हणजे आई. पण हिशेब वेगळा आहे. जन्मतः तीन किलोचे बाळ वर्षभरात तिप्पट, म्हणजे साधारण नऊ किलोचे होते. तोच वेग राहिला तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचे होईल! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात वजन दोन-अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही कमी होते. त्यात नुकतेच पाय फुटलेले असतात. घरातला प्रत्येक डबा उघडून पाहायचा असताना ताटासमोर बसायला वेळ कुणाला?

मग काळजीचे काहीच नाही का? आहे. डॉक्टर दिवसभराचा आहार विचारतात, तेव्हा खरे कोडे सुटते. सकाळी बाटलीभर दूध, मग चहा-बिस्किट. दुपारी मोबाइलवर गाणी लावून चार घास. जेवली नाही म्हणून पुन्हा दूध, रात्री झोपताना आणखी एक बाटली. बेरीज जवळजवळ एक लिटर होते. ‘आणि ही भिंतीचे पोपडे खाते,’ ही गोष्ट सासूबाईंना जाता जाता आठवते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९. या वयात ते ११च्या आसपास तरी हवे.

गाई-म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जेमतेम. शिवाय दूध जास्त झाले की अन्नातले लोहही नीट शोषले जात नाही. चहाही तेच करतो. इवल्या पोटात दूध भरले की वरणभाताला जागा उरत नाही. लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते आणि काही मुले माती किंवा पोपडे खाऊ लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. मेंदू झपाट्याने घडत असतो, त्याच काळात ही उणीव पडते, म्हणून ती गंभीर.

म्हणजे मुलीची भूक कमी होती, हे स्वाभाविकच होते. त्या कमी भुकेत काय भरले, तिथे चूक झाली.

शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२०-३०च्या दशकांत १५ लहान मुलांवर एक प्रयोग केला. तीसहून अधिक साधे पदार्थ मुलांपुढे ठेवले जात आणि काय, किती खायचे ते मुले ठरवत. एखादे मूल एका वेळी एकाच पदार्थावर ताव मारी, दुसऱ्या वेळी त्याला हातही लावत नसे. तरीही मुले उत्तम वाढली. मात्र पुढे ठेवलेल्या पदार्थांत साखर किंवा मिठाई नव्हती, हे विसरता कामा नये.

यातूनच घरासाठी नियम निघतो: काय आणि केव्हा द्यायचे ते आईने ठरवावे, किती खायचे ते बाळाने.

दिवसाचे दूध अर्ध्या लिटरच्या आत, तेही वाटी किंवा पेल्याने. बाटली आणि चहा बंद. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे, पण जेवणाच्या ऐवजी नको. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा खाऊ. लिंबू पिळलेला वरणभात, आमटीत कुस्करलेली भाकरी, मुगाचे धिरडे, पालेभाजी, अंडे. खात असाल तर मासे, मटण, कलेजी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे देऊ नयेत; ती श्वासनलिकेत अडकू शकतात. मोबाइल दूर ठेवावा, कारण पडद्यात रमलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. लोहाचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे. त्याने शी काळी होते, घाबरू नये.

वजन वाढत नसेल, मूल फिकट किंवा मलूल दिसत असेल, माती खात असेल, तर ‘या वयात असंच असतं’ म्हणून थांबू नये.

काही आठवड्यांनी तीच आई परत येते. मुलीच्या गालावर लाली आहे, पोपडे सुटले आहेत. ‘आता स्वतःच्या हाताने खाते. अर्धं खाली सांडते, केसांतही भात असतो,’ आई हसत सांगते. ‘काल तिनं पहिला घास मला भरवला.’

सासूबाई या वेळी भाकरीचा हिशेब काढत नाहीत. नात सांडते ते पुसायला आता त्याच पुढे असतात.