पाझराची साक्ष

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या शिवारात, उसाच्या दोन फडांमधल्या बांधावर उभे राहून एखाद्या जुन्या दगडी विहिरीत डोकावले असता खाली जे पाणी चकाकताना दिसते, ते मूळ कोठले, हा प्रश्न या मुलखात केवळ जिज्ञासेचा कधीच नव्हता. पाऊस येथे बेताचा. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत नैर्ऋत्येच्या वाऱ्याजवळ देण्यासारखे थोडेच उरते, आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे डोळे मृगापेक्षा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या सरींकडे अधिक लागलेले असतात. त्यातच 1885 साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला, पुढे 1928 साली भाटघरला वेळवंडी नदीवरचे लॉइड धरण पुरे झाले, आणि भोरच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस कित्येक कोसांची वाट चालून या तहानलेल्या काळ्या जमिनीत येऊ लागला.

कालव्याचे सगळेच पाणी चारीतून पिकाला मिळत नाही. तळातून आणि भरावातून झिरपत त्याचा काही अंश मुरमात आणि खडकाच्या सांध्यांत उतरतो व भोवतालच्या विहिरींना लागतो. त्यालाच आपण पाझर म्हणतो. या पाझरावर सरकारचा हक्क कोठवर पोचतो, याचाही विचार जुन्या अंमलात झाला होता: कालव्यापासून 200 यार्डांच्या आत खोदलेल्या विहिरीस त्याच्या पाझराचा लाभ होतो असे अंमलदाराच्या नजरेस आल्यास तिच्या भिजवणीवर पाणीपट्टी आकारण्याची तजवीज 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात होती. याहून सूक्ष्म माप त्या काळी कोणापाशीच नव्हते, म्हणून कायदा करणाऱ्यांस दोष देणे न्यायाचे होणार नाही. परंतु जमिनीखालचे पाणी साखळीने मोजलेली हद्द ओळखत नाही, आणि दोनशेव्या यार्डाच्या अलीकडची विहीर कदाचित निखळ पावसावर, तर पलीकडची संपूर्ण कालव्यावर पोसलेली असू शकते.

ते सूक्ष्म माप पाण्याच्या घडणीतच होते. 1931 साली हॅरल्ड यूरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा निराळ्या भाराचा अणू), ड्यूटेरियम, शोधून काढला; ऑक्सिजनमध्येही नेहमीच्या 16 भाराच्या अणूंबरोबर 18 भाराचे अणू असतात, इतके की पाण्याच्या सुमारे पाचशे रेणूंत एक रेणू असा जड निघतो. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि ढगातून सर पडताना जड रेणू आधी खाली येतात, त्यामुळे समुद्र सोडल्यापासून विहिरीत विसावेपर्यंत पाण्याने जो जो प्रवास केला, त्याची खूण या दोन समस्थानिकांच्या प्रमाणात उमटत जाते. जगभरच्या पर्जन्यजलाचे आकडे आलेखावर मांडले तर ते जवळजवळ एकाच सरळ रेषेवर पडतात, हे हार्मन क्रेग यांनी 1961 साली दाखवले. उन्हात साठून राहिलेले पाणी मात्र त्या रेषेपासून ढळते, आणि हे ढळणेच त्याच्या साठवणीचा दाखला ठरते.

धरणात महिनोन् महिने ऊन सोसलेले पाणी आणि परतीच्या पावसाचे जमिनीत ताबडतोब मुरलेले पाणी, ही दोन्ही एकाच विहिरीत येत असतील तर त्यांचे वाटे काढणे हे तत्त्वतः साध्या त्रैराशिकाचे काम आहे. व्यवहारात ते इतके सोपे नाही, कारण रखरखीत हवेतून पडताना लहान सरींचे थेंबही आटतात आणि स्थानिक पावसावरही कालव्यासारखीच खूण उमटू शकते. म्हणून एका नमुन्यावर निवाडा देणारा मनुष्य या शास्त्रात विश्वासपात्र नव्हे, वर्षभर नदी, कालवा, पाऊस आणि विहीर या चौघांची साक्ष घेणाराच विश्वासपात्र होय.

मला या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो क्षारपड जमिनींच्या बाबतीत. अतिभिजवणीने पाणी वर आले, जमीन चोपण झाली, हे दुःख या कालव्याच्या काठाला नवे नाही. दख्खनच्या कालव्यांवरील अशाच प्रश्नांसाठी मुंबई सरकारने 1916 साली जी खास शाखा काढली, तिचीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाली. आता असे पाहा: विहिरीचे पाणी खारट होत गेले आणि त्याबरोबर जड समस्थानिकांचे प्रमाणही वाढले, तर पाणी उघड्यावर आटून क्षार मागे राहिले असे समजावे. उलट क्षार वाढूनही समस्थानिक जागच्या जागी राहिले, तर क्षार मातीतून विरघळले असतील किंवा उसाच्या मुळांनी पाणी शोषून ते मागे ठेवले असतील, कारण पीक पाणी पिताना हलके-जड असा भेद करीत नाही. शेताला निचरा हवा, की उसाचे पाणी कमी करायला हवे, हे ठरवताना असा उलगडा हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

पाऊस जमिनीत किती मुरतो, हे मोजण्याची तऱ्हा निराळी. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक. सुमारे सव्वाबारा वर्षांत तो निम्मा होतो. पावसाळ्यापूर्वी बारीक छिद्रे पाडून मुळांच्या थराखाली त्याचे थेंब सोडायचे, आणि पाऊस सरल्यावर तेथील माती थराथराने काढून तो किती खाली ढकलला गेला हे पाहायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे आर. एन. आठवले आणि त्यांचे सहकारी यांनी कुकडीच्या, म्हणजे आपल्याच सह्याद्रीतून निघालेल्या एका नदीच्या, खोऱ्यात ही पाहणी केली व 1983 साली प्रसिद्ध केली. पावसाचा दहावा हिस्सादेखील खाली मुरत नाही, असे तीतून दिसले. कुकडीच्या खोऱ्यातले जुन्नर ज्या खडकावर वसले आहे त्याच काळ्या पाषाणावर पणदरेही वसले आहे, म्हणून ती पाहणी येथेही विचारात घेण्याजोगी आहे.

या गावाच्या पाण्याची अशी चौकशी व्हावी, असे मला मनापासून वाटते, आणि तिच्या आरंभास यंत्राची गरज नाही. आवर्तन चालू असताना एकदा व हस्त सरल्यावर एकदा, कालव्याचे, नीरेचे आणि जवळच्या-दूरच्या विहिरींचे पाणी काठोकाठ भरून घ्यावे. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेथेच थोडे पाणी आटून साक्ष बिघडते, म्हणून बूच पाण्याखालीच लावावे, आणि वर विहिरीचा गट क्रमांक व तारीख शाईने स्वच्छ लिहावी.